मागचा आस: खानदेशातील एका गाडीविद्येची कुळकथा

सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर असे मुक्काम घेत बऱ्हाणपुरास आणि तेथून पुढे आग्र्यास पोहोचणारा मार्ग मोगल अमदानीत या देशाच्या व्यापाराची एक मुख्य नाडी समजला जाई, आणि ज्या मुलखास आज आपण धुळे, नंदुरबार व जळगाव या तीन जिल्ह्यांच्या नावांनी ओळखतो तो सारा मुलूख या मार्गाच्या आजूबाजूस, तापीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला असल्यामुळे, चाकांची ये-जा, चाकांची मोडतोड आणि चाकांची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी खानदेशच्या वाट्यास फार पूर्वीपासून आलेल्या आहेत. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने, ज्याचा प्रवासवृत्तान्त १६७६ साली पॅरिसात छापला गेला, या वाटेची हकीकत लिहून ठेवली आहे. दहा-दहा, बारा-बारा बैल जुंपलेल्या जड गाड्यांचे शे-दोनशेंचे तांडे कसे चालत, आणि अरुंद वाटेत असे दोन तांडे समोरासमोर आले म्हणजे वाट मोकळी होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस कसे खोळंबून राहावे लागे, हे त्याने सविस्तर सांगितले आहे. एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान महामार्गाच्या रुंदीकरणात जे तासन्‌तास तिष्ठत बसले असतील त्यांना त्यात फारसे नवल वाटणार नाही.

मालाचा इतिहास लिहिणे सोपे, कारण माल दप्तरात नोंदला जातो, त्याच्यावर जकात बसते आणि तो बुडाला तर त्याची फिर्यादही होते; परंतु तो ज्या आसावर वाहिला गेला त्या आसाचा इतिहास सुताराच्या हातात आणि लोहाराच्या भात्याजवळ राहतो, व बहुधा त्यांच्याबरोबरच जातो. प्रस्तुत लेखात सांगावयाची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची असून तिचा विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे: जुन्या मोटारीची मागची दोन चाके सरळ आहेत की नाहीत, नसतील तर ते ओळखावे कसे, आणि ओळखल्यावर दुरुस्त करावे कसे. ज्याच्या दारी जुनी फियाट, अँबॅसडर किंवा जीप आहे असा गृहस्थ, गाडी एका अंगास ओढू लागली किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागू लागले, की तडक पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतो, पैसे मोजतो, आणि आठवड्याभराने तीच तक्रार घेऊन परत येतो. पुढची चाके वळतात, डोळ्यांसमोर असतात, म्हणून संशय त्यांच्यावर. मागची निमूट मागून येतात, म्हणून ती निर्दोष, असा हा न्याय आहे. वस्तुतः गाडीचे तोंड कोणीकडे असावे हे पुढची चाके ठरवितात, पण गाडीने कोणत्या रेषेवरून जावे हे मागचा आस ठरवितो. आणि खानदेशातल्या सुतारास व गाडीवानास ही गोष्ट मोटार येण्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होती, किंबहुना त्यांची सारी गाडीविद्या ही मागच्या आसाचीच विद्या होती, असे आमचे प्रतिपादन आहे.

बैलगाडीस चाके दोनच; पुढच्या चाकांचे काम तेथे बैल करतात. वळावयाचे असेल तेव्हा बैल वळतात, आणि जू व दांड्या यांच्या द्वारा ते वळण मागे आसापर्यंत पोहोचते. अशा रचनेत गाडी सरळ चालावी म्हणून बांधणाऱ्याच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे आस गाडीच्या मध्यरेषेशी नेमका काटकोनात बसविणे. तो एका बाजूस बोटभर जरी मागे राहिला तरी गाडी तिरकी चालू पाहते, जू एका बैलाच्या मानेवर अधिक घासते, त्या बैलाचा खांदा सुजतो, आणि धन्यास वाटते की जनावरच नाठाळ आहे. जाणत्या सुतारास अशा वेळी बैल बदलण्याचा सल्ला द्यावा लागत नसे. गाडीच्या दोन्ही दांड्या पुढे जेथे एकत्र येऊन जुवास भिडतात त्या टोकाशी दोरीचे एक टोक धरावे, दुसरे आळीपाळीने आसाच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत न्यावे, आणि दोन्ही लांब्या समान भरल्या म्हणजे आस काटकोनात आहे असे समजावे, एवढे गणित त्याला पुरे होते. शाळेत समद्विभुज त्रिकोणाचा जो सिद्धान्त पाठ करून घेतात तो हाच. सुताराने तो पाठ न करता वापरला इतकेच.

चाकांच्या या विद्येस सार्वत्रिक मागणी मात्र एकोणिसाव्या शतकात आली. पेशवाईच्या अखेरीपर्यंत घाटावरचा पुष्कळसा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई, आणि जड गाड्या ज्या होत्या त्यांची चाके भरीव, ओबडधोबड व अतिशय वजनदार असल्यामुळे त्या बाळगणे सामान्य कुणब्याच्या ऐपतीबाहेरचे होते. सोलापूरच्या बाजूस टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ च्या सुमारास गाड्या बांधण्याचा कारखाना काढून आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी प्रचारात आणली, आणि तशा धर्तीच्या गाड्या दख्खनभर पसरल्या. खानदेश १८१८ साली कंपनीच्या अंमलाखाली गेला होता, पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे केले होते, आणि मुंबई-आग्रा सडक त्या शहरातूनच जात असल्यामुळे गाडी बांधणारे व गाडी दुरुस्त करणारे कारागीर तेथे वस्तीस येणे क्रमप्राप्त होते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जळगाव व भुसावळ आगगाडीच्या मार्गावर आली. आणि गावोगावचा कापूस स्टेशनावर नेण्यासाठी गाड्यांची जी रीघ लागली तिने सुतारांना उसंत म्हणून ठेवली नाही. तुंब्यात आरे ठोकणे, पुठ्ठे जुळविणे, तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाण्याने ती आवळून घेणे, ही कामे कष्टाची आणि पाहण्याजोगी खरी, परंतु गाडी बरी की वाईट हे अखेर आस कसा बसला त्यावरच ठरे.

आता चार चाकांकडे वळावे. येथे गंमत अशी की या प्रकरणाचा आरंभही खानदेश ओलांडून गेलेल्या एका प्रवाशापाशी जातो. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेस उतरला आणि बऱ्हाणपूरवरून जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेरला गेला. बादशहास दिलेल्या नजराण्यांत एक चारचाकी इंग्रजी बग्गी होती. बादशहाच्या कारागिरांनी ती खोलली, तिचा भाग न्‌ भाग पाहिला, आणि हुबेहूब तशीच दुसरी बनविली. या कारागिरांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत, पण परदेशी गाडी मोडून पाहून तिच्यासारखी करण्याची जी खोड आपल्याकडच्या मिस्त्र्यांना आहे तिची परंपरा चांगली खानदानी आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

चार चाकांच्या गाडीत एक अडचण असते. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावरून आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावरून जाते, आणि दोन्ही सारख्याच कोनात वळविली तर एक ना एक घसटत जाते. आतल्या चाकास अधिक वळविण्याची युक्ती म्युनिकच्या लांकेन्सपेर्गर या बग्गीकाराने काढली आणि अॅकरमन याने १८१८ साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. ज्या वर्षी खानदेशावर नवा अंमल बसला त्याच वर्षी, तेव्हा कोणास पत्ता नसताना, भावी मोटारीच्या पुढच्या चाकांचाही बंदोबस्त झाला. या शोधाची थोरवी निर्विवाद आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की मोटारविद्या म्हणजे पुढच्या चाकांची विद्या असा ग्रह हळूहळू रूढ झाला, टो-इन, कॅम्बर, कॅस्टर हे शब्द पुढच्या चाकांचे म्हणूनच मिस्त्र्यांच्या तोंडी बसले, आणि मागचा आस हा लोखंडाचा एक मुका ओंडका ठरला.

खानदेशात मोटार आली तेव्हा जळगाव हे रेल्वेचे गाव होते आणि धुळे हे सडकेचे. धुळ्यास चाळीसगावहून आगगाडीचा फाटा आला तो १९०० साली, तोही फाटाच; उलट मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारी सडक या तिन्ही तेथेच एकत्र येत. म्हणून मोटारदुरुस्तीचा धंदा धुळ्यास जसा सडकेच्या कडेने पसरला तसा जळगावास आरंभी पसरला नाही, असे आमचे मत आहे; जळगावकर व्यापाऱ्याचा जीव वाघिणीत, धुळेकराचा ट्रकात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढल्यावर शेव्हरोलेच्या नुसत्या चासी विकत मिळू लागल्या, आणि त्यांच्यावर लाकडी सांगाडा चढवून सर्व्हिस मोटार तयार करण्याचे काम सुतारांकडे आले. जो कालपर्यंत गाड्याचा साटा बांधीत होता तो आज मोटारीची बॉडी बांधू लागला, आणि त्याच्या शेजारचा लोहार, जो धाव चढवीत होता, तो पाटे ठोकू लागला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली आणि पुढे खाजगी सर्व्हिस मोटारी मागे पडल्या तरी हे कारागीर उरले. ट्रक होते, महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपगाड्या कचेऱ्या-कचेऱ्यांतून आल्या होत्या, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली होती, जिला पुढे १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले.

जीप, फियाट, अँबॅसडर आणि ट्रक, यांचा मागचा भाग एकाच कुळीचा आहे, आणि ते कूळ बैलगाडीस फार जवळचे आहे. एक अखंड आस, त्याच्या पोटात डिफरन्शियल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस लांबीत बसविलेले पोलादी पाटे. आसास जागेवर धरणारी दुसरी कोणतीही दांडी तेथे नसते. पाट्याचे पुढचे टोक पिनेने चासीत अडकविलेले, मागचे टोक झुलत्या शॅकलला, आणि मधोमध पाटा व आस यांना एकत्र बांधणारे दोन यू-बोल्ट. पाटे एकमेकांत गुंफून ठेवणारा जो बारीक सेंटर बोल्ट असतो त्याचे गोल डोके आसावरच्या बैठकीतील भोकात बसते, आणि आस काटकोनात राहणे हे त्या डोक्यावर अवलंबून असते. मात्र भार वाहण्याचे काम त्या बोल्टाचे नव्हे. भार यू-बोल्टांनी आवळून धरलेल्या घर्षणाने वाहावयाचा असतो. यू-बोल्ट सैल झाले की सारा झटका त्या बोटाएवढ्या बोल्टावर येतो, तो तुटतो, आणि पाटा आसावरून सरकू लागतो. पुढून ब्रेकचा, मागून इंजिनाचा असा दोन्हीकडून रेटा बसत राहिला म्हणजे आसाची ती बाजू मागे जाऊन तेथेच ठाण मांडते.

त्याची लक्षणे चमत्कारिक असतात, आणि म्हणूनच निदान चुकते. अखंड आस तिरका झाला तरी त्यावरची दोन्ही चाके परस्परांशी समांतरच राहतात, त्यामुळे मागचे टायर झिजत नाहीत; आणि चालक नकळत स्टिअरिंग थोडे वळवून ठेवतो, म्हणजे पुढची चाकेही त्याच दिशेस लागतात आणि तीही फारशी झिजत नाहीत. गाडी मात्र अंग आडवे टाकून चालते. पाठीमागून येणाऱ्याला ते आधी दिसते. अहिराणी बोलणारा गाडीवान अशी गाडी पाहून "गाडी आडी चालस ना भाऊ" असे म्हणतो तेव्हा निम्मे निदान झालेलेच असते. पहिल्या पावसाने भिजलेल्या डांबरी रस्त्यावरून गाडी सरळ हाकून उतरून पाहिले तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ओल्या खुणा दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर न उमटता एकीकडे सरकलेल्या दिसतात. तेव्हा नियम असा की स्टिअरिंग वाकडे पण टायर शाबूत, तर आस सरकलेला; आणि मागचा टायर एका कडेने खाल्लेला, तर आसाचे घरच वाकलेले. पहिला दोष स्वस्तात जातो. दुसरा खिसा रिकामा करतो.

धुळ्यास पारोळा रस्त्याच्या बाजूस एका पत्र्याच्या शेडखाली एका वयस्क मिस्त्र्यास एका पद्मिनीचे हे निदान करताना आम्ही पाहिले, त्याचे वर्णन करण्यासारखे आहे. त्याने प्रथम चारी टायरांतली हवा सारखी केली, डिकीतली जादा स्टेपनी आणि पाण्याचे कॅन उतरविले, मग गाडी दोन-तीन हात पुढे-मागे ढकलली आणि मडगार्डवर जोर देऊन पाटे हालवून घेतले. जॅकवरून नुकत्याच उतरलेल्या गाडीचे माप तो घेतच नाही. नंतर मागच्या दोन्ही टायरांच्या कडांना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे लावून त्यांना स्पर्श करीत एक सुतळी त्याने पुढच्या चाकापलीकडे ताणली, तशीच दुसऱ्या अंगास. ठोकळे कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, "साहेब, पुढची रुंदी मागच्याहून जास्त आहे. ठोकळा नसला तर दोरी पुढच्या टायरला अडते आणि मग माप खोटं येतं." पुढच्या चाकाच्या आणि सुतळीच्या दरम्यान डावीकडे एक अंतर, उजवीकडे निराळेच. मग ओळंबा काढला. पाट्याच्या पुढच्या पिनेच्या मध्यातून एकदा आणि मागच्या चाकाच्या मध्यातून एकदा असा तो दोन्ही बाजूंस सोडून फरशीवर खडूच्या चार खुणा केल्या, आणि टेपने त्यांच्यामधील लांब्या व कर्ण मोजले. डावी बाजू ११ मिलिमीटरने मागे होती.

अकरा मिलिमीटर ऐकून गाडीचा मालक हसला, पण हिशेब करून पाहावा. मागच्या दोन चाकांमधील अंतर सव्वा मीटरच्या आत आहे, म्हणजे आस सुमारे अर्ध्या अंशाने फिरला. आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर या गाडीत २३४० मिलिमीटर असल्यामुळे, तेवढ्या लांबीत मागची चाके पुढच्यांच्या चाकोरीतून जवळजवळ २१ मिलिमीटर बाजूस पडतात. एवढ्यावर स्टिअरिंग सरळ कसे राहावे? यू-बोल्ट सोडून पाटा उचलला तेव्हा सेंटर बोल्टाचे डोके बैठकीत निराळे पडलेले सापडले, आणि ज्या भोकात ते बसावयाचे ते भोक घासून लांबट झालेले. कारणही लगेच उघड झाले: मागे कोणीतरी लग्नसराईत भार वाहण्यासाठी दोन्हीकडे एकेक जादा पाटा घातला होता आणि यू-बोल्ट मात्र जुनेच, आखूड पडणारे, ठेवले होते. नटांना आटे पुरेसे मिळालेच नव्हते. मिस्त्र्याने भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मापात पाडले, नवा सेंटर बोल्ट आणि लांब यू-बोल्ट घातले, पुढच्या डोळ्यातली रबरी बुश व मागचे शॅकलचे गुटके बदलले, कारण बुश खाल्लेली असली तर आस जागेवर बसवूनही चालत्या गाडीत तो पुन्हा तिरका होतो. आणि सगळे झाल्यावर पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. पुढच्या चाकांना त्याने हात लावला तो अगदी शेवटी.

घर वाकल्याची परीक्षा याहून नाजूक असते. मागचा भाग उचलून दोन्ही टायरांमधील अंतर पुढच्या बाजूस आणि मागच्या बाजूस, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर मोजतात. मग वर आणि खाली. भाराने घर मध्यभागी लवले असेल तर चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने खातात. परंतु येथे घाई करून चालत नाही, कारण रिम वाकडी असली तरी माप तसेच येते. म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावयाचे: फरक चाकाबरोबर फिरला तर दोष रिमचा किंवा आतल्या शाफ्टचा, जागच्या जागी राहिला तर घराचा. वाकलेले घर तापवून ठोकून सरळ करणारे लोहार आहेत, आणि त्यांचा हात वाखाणण्याजोगा असतो. तरीही तापविलेले लोखंड तेथेच पुन्हा वाकते असा अनुभव असल्याने जुन्या बाजारातून दुसरे सरळ घर शोधून घालणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

अखंड आसाच्या या सरळमार्गी कुळात एक अपवाद आपल्या देशात येऊन गेला, आणि त्याचा शेवट बोधप्रद आहे. मद्रासेच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून दशकभर हेरल्ड नावाची जी देखणी गाडी बनविली तिचा मागचा आस अखंड नव्हता. डिफरन्शियल चासीस जखडलेले, त्यापासून दोन्ही बाजूंस झुलणारे अर्धे शाफ्ट, वर एकच आडवा पाटा, आणि चाकांना पुढे-मागे धरणाऱ्या दोन दांड्या. रिकाम्या गाडीत मागची चाके खालून आत ओढल्यासारखी उभी राहत आणि चार माणसे बसली की माथे आत टाकून फाकत. आडवा पाटा जुना होऊन बसला म्हणजे ती कायमचीच फाकलेली राहत व टायर आतून खात. त्या दांड्यांच्या कंसाखाली पातळ पत्रे घालून अगर काढून चाकांची दिशा नीट करता येत असे, पण हे ज्यास ठाऊक नाही त्याने जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाके वाकडी दिसतात म्हणून काहीतरी ठोकून ठेवावे, हेच बहुधा घडे. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना ही रचना मानवली नाही, आणि १९७२ साली त्याच कंपनीने गॅझेल काढली तेव्हा मागे पुन्हा अखंड आस बसविला. पुष्कळ लोक यास अधोगती म्हणतील. आम्हांस त्यात व्यवहारज्ञान दिसते. जी रचना रस्त्याच्या कडेला दोरीने तपासता येत नाही, तिने आमच्या सडकांवर येऊ नये हे बरे.

कारण सडका. खानदेशची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात-हात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता कितीही चोपला तरी दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा लाटेवर भरधाव गाडी आपटली की पाट्यास जो झटका बसतो तो खड्ड्याहून वाईट, कारण खड्डा दिसतो. कन्नडचा औट्रम घाट, सुरतेच्या वाटेवरची कोंडाईबारी, धुळ्याजवळचे लळिंग, आग्र्याच्या बाजूस बिजासन, अशी चढ-उतारांची ठाणी चहूकडे, आणि घाटात भरलेल्या गाडीचा ब्रेक म्हणजे पाट्यावरचा सर्वांत मोठा पीळ. त्यात रावेर-यावलची केळी. फळ नाशवंत, बाजार दूर, म्हणून गाडीत माल शिगोशीग आणि चालकास घाई. प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा तर आत किती आणि टपावर किती याचा हिशेबच ठेवीत नसत. या साऱ्याचा भार अखेर एका बोटाएवढ्या बोल्टावर येतो हे त्या जीपांत बसलेल्यांच्या स्वप्नातही नसेल.

आता जळगावात आणि धुळ्यात ठिकठिकाणी थ्री-डी व्हील अलाइनमेंटच्या पाट्या दिसतात. चाकांवर परावर्तक लावतात, समोरचे कॅमेरे त्यांच्याकडे पाहतात, आणि पडद्यावर आकडे उमटतात. या यंत्राची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: ते पहिल्यांदा मागची चाके वाचते, मागच्या आसाने दाखविलेली दिशा काढते, आणि मग त्या दिशेस धरून पुढची चाके लावावयास सांगते. याच्या आधीची जी यंत्रे केवळ पुढच्या चाकांवर बसविली जात त्यांना ही दृष्टी नव्हती, म्हणून त्यांच्यावरून उतरलेल्या गाड्या कागदोपत्री शुद्ध आणि रस्त्यावर तिरक्या असत. म्हणजे दोनशे वर्षे पुढच्या चाकांच्या नादी लागून विद्या फिरून तेथेच आली, जेथे सुतार दोरी घेऊन बसला होता. तथापि यंत्र दोष दाखविते, काढीत नाही. पडद्यावर मागचा आकडा लाल दिसला तर पुष्कळ ठिकाणी "मागे अॅडजस्टमेंट नाही" एवढे सांगून गिऱ्हाइकाची बोळवण होते. एका अर्थी ते खरेच आहे: पाट्यांच्या गाडीत फिरवावयाचा नट नसतो, तर मोडलेली वस्तू शोधावयाची असते. १९८६ नंतरच्या मारुती ८०० मध्ये पाटे जाऊन स्प्रिंगा आल्या आणि आस दांड्यांच्या रबरी बुशांवर उभा राहिला; तेथे ती रबरे पाहावी लागतात, कारण ती तुटत नाहीत, नुसती मऊ पडतात आणि आवाज करीत नाहीत. अलीकडच्या छोट्या गाड्यांत मागे पिळणारी एकच तुळई असते. ती फुटपाथावर आपटून वाकली तर चाकाच्या बैठकीखाली मापाची तिरकी चकती घालून थोडी दुरुस्ती होते, फार वाकली असेल तर तुळईच बदलावी लागते.

जुन्या गाडीच्या मालकास एवढेच सांगणे उरते की पाट्यांचे काम करून घेतल्यावर ते तेथे संपत नाही. नवे पाटे व नवे बोल्ट भाराखाली बसतात, रंगाचा आणि गंजाचा थर चेपतो, आणि आज घट्ट असलेला यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सैल सापडतो; म्हणून तेवढे अंतर झाले की गाडी भार घालून उभी करून नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. धुळ्याचा तो मिस्त्री पैसे घेताना प्रत्येकास हे सांगतो, आणि पुन्हा आवळण्याचे पैसे घेत नाही असेही सांगतो. दहांतले दोघे परत येतात, असे त्याचे म्हणणे आहे. बाकीचे आठ येतात ते पुढच्या वर्षी, सेंटर बोल्ट तुटल्यावर.